फटींवर चालणारी गाडी

मोटरसायकल बनते लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची, पण चालते ती या धातूंच्या मधल्या मोकळ्या जागांवर. चेन थोडी सैल असावी लागते. क्लचची दांडी सुरुवातीला रिकामी हलावी लागते. प्लगच्या दोन टोकांमध्ये फट लागते, व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा आर्म यांच्यात जागा लागते, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा पदर लागतो. यातली सगळ्यात मोठी फट अडीच-तीन सेंटीमीटरची असते, तर सगळ्यात लहान मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी.

घरच्या घरी गाडीची निगा राखायची म्हणजे या फटी आपापल्या मापात ठेवायच्या. चेन ताणणं, प्लग साफ करणं, टॅपेट सेट करणं, ऑईल बदलणं ही कामं एरवी सुटी सुटी वाटतात. प्रत्येकाच्या मुळाशी प्रश्न मात्र एकच आहे: इथे दोन धातूंमध्ये किती अंतर हवं, आणि आज ते किती आहे? हा धागा हाती आला की अंगणात मेन स्टँडवर लावलेली आपली रोजची गाडी बघता बघता अचंब्याची वस्तू होते.

उदाहरणासाठी कुठल्याही गावच्या आठवडी बाजारात डझनाने दिसणारं इंजिन घेऊ. हिरो होंडाने १९८५ साली सीडी १०० आणली, १९९४ साली स्प्लेंडर आणली, आणि त्यांच्यातलं ९७.२ सीसीचं इंजिन दुधाच्या किटल्या, गॅसच्या टाक्या आणि तिघं-तिघं माणसं वाहत खेडोपाडी पोचलं. त्याच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्या मारत असेल, तर हा पिस्टन त्या एका मिनिटात १०,००० वेळा पूर्ण थांबतो आणि उलट दिशेने निघतो. पाच सेंटीमीटरच्या त्या जागेत ये-जा करत तो मिनिटाला जवळजवळ अर्धा किलोमीटर अंतर कापतो. गाडी ऑफिसला जाऊन परत येते तेवढ्यात त्याच्या कित्येक लाख खेपा झालेल्या असतात.

एवढ्या घाईत चाललेल्या यंत्राला सांभाळायची हत्यारं एका पत्र्याच्या डब्यात मावतात: १० पासून १९ नंबरपर्यंतचे रिंग पाने, गाडीबरोबर आलेला प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, फूटपट्टी, ठरावीक जाडीच्या पात्यांचा फीलर गेज, जुना टूथब्रश आणि भरपूर चिंध्या. खंडेनवमीला आपण याच डब्याला हळदकुंकू वाहतो. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिकाही याच डब्यात ठेवावी. खाली दिलेली मापं या जातीच्या छोट्या गाड्यांची आहेत. आपल्या गाडीचा नेमका आकडा त्या पुस्तिकेत असतो आणि शेवटचा शब्द तिचाच.

चेन: २५ मिलिमीटर

स्प्लेंडरसारख्या गाड्यांची चेन पत्र्याच्या कव्हरमध्ये झाकलेली असते आणि कव्हरला एक रबरी बूच असतं. बूच काढून बोटाने चेन वर-खाली हलवली, तर ती साधारण २५ मिलिमीटर हलली पाहिजे.

सैल चेन उतरते हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त ताणलेली चेन त्याहून वाईट, आणि त्याचं कारण गाडीच्या भूमितीत आहे. मागचं चाक ज्या स्विंग आर्मवर बसवलेलं असतं, तो एका पिव्होटभोवती वर-खाली फिरतो. चेनचं पुढचं स्प्रॉकेट या पिव्होटच्या थोडं पुढे असतं. केंद्रं वेगवेगळी असल्यामुळे खड्ड्यात चाक वर उचललं गेलं की पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा ते सगळ्यात जास्त होतं. स्टँडवर दिसणारा अडीच सेंटीमीटरचा सैलपणा त्या क्षणासाठी राखून ठेवलेला असतो. तो नसेल, तर मागे कोणी बसलेलं असताना आलेला पहिलाच खड्डा चेनला पूर्ण ताठ करतो आणि सगळा हिसका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नि बेअरिंगवर जातो.

या रोलर चेनची रचना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाने मँचेस्टरमध्ये शोधली आणि १८८० साली तिचं पेटंट घेतलं. प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनवर बुश, आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर. सव्वाशे-दीडशे वर्षांत यात फारसा बदल करावा लागलेला नाही. चेन 'वाढली' असं आपण म्हणतो, तेव्हा तिचं पोलाद ताणलं गेलेलं नसतं. पिन आणि बुश एकमेकांवर घासून त्यांच्यातली फट वाढलेली असते. एका सांध्यात ०.१ मिलिमीटर झीज म्हणजे काहीच नाही. पण असे ११० सांधे एकापुढे एक आले की चेन ११ मिलिमीटर लांब होते. स्प्रॉकेटचे दात मात्र १२.७ मिलिमीटरच्या, म्हणजे नेमक्या अर्ध्या इंचाच्या, चेनसाठी कापलेले असतात. मापात न बसणारी चेन दातांवर चढू लागते आणि दात एका बाजूला टोकदार होत झिजतात. म्हणूनच गॅरेजवाले नुसती चेन बदलत नाहीत, दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण चेन किट टाकतात.

गाडी ताशी ६० किलोमीटरने पळत असताना चेनची प्रत्येक कडी सेकंदाला साधारण तीन पूर्ण फेरे घालते, आणि प्रत्येक फेऱ्यात चार वेळा वाकते किंवा सरळ होते. हे वाकणं घडतं पिन आणि बुशच्या मध्ये. तेल हवं ते तिथे, चेनच्या बाहेरच्या चकाकीवर नाही. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना टूथब्रश आणि थोड्या रॉकेलने ती साफ करावी, कोरडी पुसावी, आणि ९० नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडत चाक हाताने फिरवावं. चाक पळू लागलं की तेल आपोआप बाहेरच्या दिशेला फेकलं जातं. आतून सोडलं तर बाहेर पडता पडता ते सांध्यांतून जातं. जास्तीचं तेल पुसून टाकावं. बाहेरून थापलेल्या ग्रीसमध्ये मुरमाची धूळ रुतली, की तेच मिश्रण पोलाद घासू लागतं.

ताणण्याआधी चेनची सगळ्यात ताठ जागा शोधायची. चाक हाताने हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी हा सैलपणा, म्हणजे प्ले, बघितला तर तो सारखा येत नाही, कारण सगळे सांधे सारखे झिजत नाहीत. जिथे तो सगळ्यात कमी, तिथलं माप धरायचं. अ‍ॅक्सलचा नट सैल करायचा. काही गाड्यांना चेनच्या बाजूला आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो, तोही. मग दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे आणि स्विंग आर्मवरच्या रेघांशी दोन्ही बाजू जुळल्यात हे बघायचं. एक बाजू अर्धी रेघ मागे-पुढे राहिली की चाक तिरकं बसतं. नट आवळल्यावर प्ले पुन्हा मोजायचा, कारण आवळताना तो बदलतो. आणि चाक मागे सरकलं की मागच्या ड्रम ब्रेकचा रॉडही ओढला जातो, म्हणून ब्रेकचं पायडल नव्याने जुळवायचं. या सगळ्या कामात इंजिन बंदच हवं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये फिरणारी चेन पुसू गेलं, तर चिंधी स्प्रॉकेटमध्ये ओढली जाते आणि तिच्या पाठोपाठ बोटं.

दांड्या आणि पायडल: १० ते ३० मिलिमीटर

क्लचच्या दांडीचं टोक १० ते २० मिलिमीटर रिकामं हलावं, त्यानंतर ओढ लागावी. मागच्या ब्रेकचं पायडल २० ते ३० मिलिमीटर खाली जावं, त्यानंतर ब्रेक धरावा. या रिकाम्या हालचालीची खात्री हवी, कारण तिच्यामुळेच कळतं की हात आणि पाय काढल्यावर केबल नि रॉड खरोखर मोकळे झालेत. क्लचला प्ले नसेल तर क्लच प्लेटा कायम थोड्या सुटलेल्या राहतात, घसरतात आणि जळतात. ब्रेकला प्ले नसेल तर लायनर ड्रमला सतत घासत राहतं, चाक तापतं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. दोन्ही जुळवायला एक पाना आणि दोन मिनिटं पुरतात.

ब्रेक काय करतो त्याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. गाडी आणि माणूस मिळून १८० किलो वजन ताशी ६० च्या वेगात असेल, तर त्यात साधारण २५,००० ज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबते तेव्हा ती ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. एक कटिंग चहा होईल एवढं पाणी उकळायला ती पुरते, आणि हे काम काही मिलिमीटर जाडीची लायनरं तीन-चार सेकंदांत करतात. ती किती उरलीत हे बघायला चाक खोलावं लागत नाही. ड्रमच्या बाहेर ब्रेकच्या आर्मपाशी एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण शेजारच्या खुणेला टेकला, की लायनर बदलायचे.

टायरचं माप मिलिमीटरमध्ये नाही, दाबात असतं. पंक्चरवाला ज्याला ३२ पौंड हवा म्हणतो, ती म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. मागच्या चाकावर १०५ किलो भार असेल, तर ढोबळ हिशेबाने टायरची ४७ चौरस सेंटीमीटर जागा रस्त्याला टेकते; सात सेंटीमीटर बाजूच्या चौरसापेक्षाही थोडी कमीच. ओल्या वळणावर आपला सगळा भरवसा या तुकड्यावर असतो. हवा कमी झाली की तो तुकडा पसरतो, टायरच्या कडा दुमडतात आणि तापतात. हवा तपासायची ती सकाळी, टायर गार असताना.

प्लग: ०.८ मिलिमीटर

मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला विजेला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये पिस्टनने हवा आणि पेट्रोलचं मिश्रण नऊ-दहा पट दाबलेलं असतं, आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी पाडणं फार अवघड जातं. म्हणून तिथे ०.८ मिलिमीटरच्या फटीसाठी दहा हजारांवर व्होल्ट लागतात. मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या वेगात मिश्रण सेकंदाला ४० हून जास्त वेळा पेटतं. अनेक छोट्या इंजिनांत तर क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. त्यातली एक आड एक ठिणगी धूर बाहेर पडत असताना पडते आणि तिचं काही काम नसतं, पण त्यामुळे यंत्रणा सोपी राहते.

प्रत्येक ठिणगी टोकाचा एक कण घेऊन जाते. फट ०.८ ची हळूहळू १ मिलिमीटर होते, कॉइलला जास्त व्होल्ट द्यावे लागतात, आणि पावसाळ्यातल्या सकाळी किकवर किक मारूनही गाडी उठत नाही. तेव्हा फीलर गेजची पाती घालून फट बघावी, आणि बाहेरचं टोक अलगद ठोकून ती मापात आणावी. टोकं गोलावली असतील तर सरळ नवा प्लग घ्यावा.

प्लगचं दुसरं काम आपल्याला बातमी देण्याचं. इंजिन बंद असताना आत बघता येत नाही आणि चालू असताना तर मुळीच नाही. प्लग मात्र आतून जाऊन आलेला असतो. त्याच्या टोकाभोवतीचं पांढरं चिनीमातीचं नाक फिकट तपकिरी दिसलं तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी जातेय. आधी एअर फिल्टर बघा. तेलकट, ओलसर काळं असेल तर पिस्टनच्या रिंगांवरून किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑईल वर येतंय. भाजल्यासारखं पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर इंजिन फाजील तापतंय, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. टोकाचं तापमान साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते, आणि ८५० च्या वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागतं. प्लगचा नंबर बदलून भलताच प्लग घालू नये तो यासाठी.

काढण्याआधी इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं आणि प्लगच्या बुडाची माती फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. परत बसवताना पाना बाजूला ठेवावा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. तिरका घुसला तर आटे हेडचे जातात. पहिले सगळे आटे बोटांनी फिरले पाहिजेत. वायसर टेकला की मग पाना लावून नवा प्लग अर्धा फेरा आवळायचा, जुना त्याच्याही अगदी थोड्या भागाइतका.

टॅपेट: ०.१ मिलिमीटरच्या आतबाहेर

इथून पुढे फूटपट्टी चालत नाही. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर आर्म यांच्यात इंजिन गार असताना काही शतांश मिलिमीटर फट ठेवतात; टॅपेट सेट करणं ते हेच. इंजिन तापलं की धातू लांबतो आणि फट आटते. आधीच फट नसेल, तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मिटला नाही तर कॉम्प्रेशन गळतं, आणि त्याहून घातक म्हणजे व्हॉल्व्ह थंड होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतून शेकडो अंश तापलेला वायू जात असतो. त्याला ती उष्णता उतरवायची संधी मिळते ती प्रामुख्याने मिटून आपल्या बैठकीला टेकलेला असतानाच. सेकंदाच्या काही शतांश भागापुरती ती विश्रांती त्याला मिळाली नाही, तर त्याची कड जळते.

जुने मेकॅनिक टकटक करणाऱ्या टॅपेटला फारसे घाबरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. फट वाढली तर आवाज येतो, व्हॉल्व्ह थोडा उशिरा उघडतो, ताकद थोडी कमी होते. पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजून खोल बसत गेला, तर फट कमी होत जाते आणि इंजिन अधिकच शांत होतं. धोका त्या शांततेत असतो. म्हणून आवाजावर न जाता मोजून बघावं.

मोजायचं ते रात्रभर गार झालेल्या इंजिनवर. प्लग काढला की क्रँक हाताने सहज फिरतो. मॅग्नेटोच्या कव्हरवरची दोन झाकणं उघडून पाना लावायचा, आणि चक्रावरची 'टी' खूण खिडकीतल्या खुणेसमोर येईपर्यंत फिरवायचं. ही खूण दोनदा येते. दोन्ही रॉकर आर्म हाताला थोडे सैल लागले, तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी आहे. नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. मग पुस्तिकेत दिलेल्या जाडीची पाती फटीत सरकवायची. ती मोकळी गेली तर फट जास्त, अडकली तर कमी. बरोबर फटीत पाती जाते, पण जाताना बोटाला किंचित धरून ठेवल्याची जाणीव होते. ०.०२ मिलिमीटरचा फरक डोळ्याला कधीच दिसणार नाही. बोटाला तो कळतो, आणि दोन-चार वेळा केल्यावर इतका स्पष्ट कळतो की चुकणं अवघड होतं. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायची.

ऑईल: मायक्रॉन

शेवटची फट घरच्या हत्यारांनी मोजताच येत नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा पदर काही मायक्रॉनचा असतो, आणि गिअरच्या दातांमध्ये काही ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिस्टनची ती मिनिटाला अर्ध्या किलोमीटरची धाव या पदरावरून होते.

डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं ऑईल गार असताना पातळ तेलासारखं वागतं, म्हणून सकाळी चालू करताच ते वरपर्यंत पोचतं. तापल्यावर मात्र ते हवं त्यापेक्षा पातळ होत नाही. अशा तेलात लांबलचक साखळीचे पॉलिमर रेणू मिसळलेले असतात. गारव्यात ते गुंडाळून बसतात आणि उष्णतेत उलगडून तेलाला दाटपणा देतात. जस्त आणि फॉस्फरस असलेलं आणखी एक द्रव्य असतं, जे पदर तुटला तर धातूवरच संरक्षक थर तयार करतं. काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगते ठेवणारी द्रव्यंही असतात. म्हणून चार-सहाशे किलोमीटरमध्ये ऑईल काळं पडलं तर ते वाईट ठरत नाही. ती काजळी इंजिनच्या भिंतींवर बसण्याऐवजी तेलात आली आहे, आणि ऑईल बदलताना तीही बाहेर जाईल. मोटरसायकलचं हेच तेल इंजिनबरोबर गिअरबॉक्स आणि क्लचही भिजवतं, म्हणून डब्यावर जासो एमए ही खूण बघावी. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं कारचं तेल इथे क्लच घसरवू शकतं.

या पदराचे शत्रू दोन. पहिला धूळ. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन सुमारे ९,००० लिटर हवा ओढतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर थोडी कमी. लिटरला ६० किलोमीटर धरले तर दर किलोमीटरला दीडशे लिटर हवा झाली. मुरमाच्या रस्त्यावर ती हवा क्वार्ट्झचे कण घेऊन येते, आणि क्वार्ट्झ बहुतेक पोलादांइतका किंवा त्यांहून कठीण असतो. मोठे कण फिल्टर सहज अडवतो. पाच-दहा मायक्रॉनचा कण आत शिरला, तर तो तेलाच्या पदरात नेमका मावतो, दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकतो आणि रिंग नि सिलिंडर खरवडतो. फाटका किंवा नीट न बसलेला एअर फिल्टर म्हणूनच महागात पडतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो; गाडीत चिकट तेलकट प्रकारचा असेल तर तो झटकायचाही नसतो, ठरल्या वेळी बदलायचा असतो.

दुसरा शत्रू पाणी, आणि ते इंजिन स्वतःच तयार करतं. एक लिटर पेट्रोल जळलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ रिंगांवरून खाली उतरते. इंजिन नीट तापलं तर ती निघून जाते. घर ते भाजी मंडई एवढीच गाडी फिरत असेल, तर ती तेलातच साठते. कमी रनिंग असलेल्या गाडीलाही वेळेवर ऑईल लागतं ते यासाठी.

बदलताना इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करावं, म्हणजे तेल घाण घेऊन खाली येतं. बूच उघडल्यावर पहिली काळी धार येते आणि मग बराच वेळ थेंब. त्या थेंबांना पंधरा मिनिटं द्यावीत. बूच पुसताना त्याला लागलेले कण बघावेत. बारीक राखाडी गाळ नेहमीचा असतो, नखाला टोचणारा चुरा दिसला तर गाडी मेकॅनिकला दाखवावी. नवा वायसर घालून बूच आधी हातानेच फिरवावं, इथेही आटे अ‍ॅल्युमिनियमचे. मग ठरलेलं माप ओतून, इंजिन मिनिटभर चालवून बंद करून, गाडी मेन स्टँडवर सरळ असताना डिपस्टिक बघावी. या जातीच्या इंजिनांत ती आट्यांवर नुसती टेकवून बघतात, आवळून नाही.

निघालेलं ऑईल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि त्यात जळण्यातून आलेली विषारी द्रव्यं असतात. हाताला लागलं तर साबणाने धुवावं, आणि ऑईल कॅनमध्ये भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं.

वही

कुठली फट आधी बिघडेल हे प्रदेशावर ठरतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस चेनचं आणि केबलचं तेल धुऊन नेतो, तिथे जून ते सप्टेंबर चेनकडे दुप्पट लक्ष हवं. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदीवरून जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो. विदर्भातल्या मे महिन्यात टायरची हवा आणि ऑईलची पातळी आधी बघावी.

म्हणून डब्यात एक वही असावी. तारीख, किलोमीटर, चेनचा प्ले आणि अ‍ॅडजस्टर कितव्या रेघेवर आहे, प्लगचा रंग, दोन्ही टॅपेटची मापं, ऑईल किती कमी झालं. एका नोंदीतून फारसं कळत नाही, पण चार नोंदी एकाखाली एक आल्या की झिजेचा वेग दिसतो. अ‍ॅडजस्टर शेवटच्या रेघांकडे सरकला म्हणजे चेन किटचे पैसे बाजूला काढायचे. एक्झॉस्टची फट दर वेळी थोडी कमी भरते म्हणजे व्हॉल्व्ह बैठकीत उतरतोय. दोन बदलांच्या मध्ये ऑईल घटतंय आणि प्लग तेलकट येतोय म्हणजे रिंगांकडे बघायची वेळ आली. हेड आणि रिंगा ही कामं अनुभवी हातांचीच. ती अंगणात करायची नाहीत. पण 'गाडी आवाज करते, बघा जरा' असं म्हणत जाणारा माणूस आणि 'आठ हजार किलोमीटरमध्ये एक्झॉस्टची फट ०.०३ ने कमी झाली' असं सांगणारा माणूस यांच्याशी मेकॅनिक सारखा बोलत नाही. दुसऱ्याला तो हेड उघडून, बोट ठेवून, झीज कुठे आहे ते दाखवतो.